शहर पायाखालून घालायचं कसं

आधी एक कोरा कागद घ्या आणि मागच्या आठवड्यात तुम्ही कुठे कुठे गेलात ते त्यावर काढा. मोबाईलमधला मॅप उघडायचा नाही, आठवून काढायचं. घर, कामाची जागा, नेहमीच्या दोनचार जागा आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा, बस्स. चित्र कसं येतंय याची काळजी नको. बहुतेकांच्या कागदावर एक बारका त्रिकोण येतो नाहीतर एक लांब काडी, आणि बाकीचं अख्खं शहर कोरंच राहतं. शोंबार द लोव नावाच्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९५२ साली पॅरिसच्या अभ्यासात एका विद्यार्थिनीची वर्षभराची सगळी ये-जा अशीच नकाशावर काढली होती, आणि तिचं वर्षभराचं पॅरिस जवळपास एका छोट्या त्रिकोणात मावलं, एका टोकाला कॉलेज, दुसऱ्याला घर, तिसऱ्याला पियानोच्या शिक्षकांचं घर. एवढ्या मोठ्या शहरात!

आता तुमच्या कागदावरच्या रेघांकडे परत बघा. टोकं तुम्हाला पाठ आहेत, पण दोन टोकांच्या मधे काय आहे ते सांगता येतं का? मला येत नव्हतं. कितीतरी वर्षं मी एकाच बसने एकाच रस्त्याने जात होते, आणि एक दिवस बस बंद होत्या म्हणून चालत यावं लागलं तेव्हा कळलं की ज्या दोन स्टॉपना मी शहराची दोन लांबलांबची टोकं समजत होते ते एकाच टेकडीच्या अलीकडे-पलीकडे आहेत, बस फक्त टेकडीला वळसा घालून जाते. टेकडी मला रोज दिसायची, पण दोन वेगवेगळ्या टेकड्या म्हणून दिसायची. मधली पायवाट चढून उतरले तेव्हा त्या दोन टेकड्यांची एक झाली. त्या दिवसापासून मी हे करतेय आणि आता इतक्या वर्षांनी वाटतं की जागा समजून घ्यायची असेल तर तिच्याबद्दल वाचून, फोटो बघून, ड्रोनचे व्हिडिओ बघून जेवढं कळतं त्याच्याआधी एकदा ती पायाखालून घालायला हवी. व्यायामाचं चालणं वेगळं, ते करावंच, पण त्यात लक्ष स्वतःच्या श्वासाकडे नि पावलांच्या आकड्याकडे असतं, इथे लक्ष बाहेर ठेवायचंय.

मधला भाग गाळू नका

सगळ्यात महत्त्वाचं हेच, म्हणून जरा सविस्तर सांगते.

लुसियस बुर्कहार्ट हे स्विस समाजशास्त्रज्ञ, जर्मनीत कासेलच्या विद्यापीठात शिकवायचे. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी आनेमारी यांनी ८० च्या दशकात एक विषयच उभा केला, त्याचं जर्मन नाव शब्दशः मराठीत आणलं तर 'फेरफटक्याचं शास्त्र' होईल. त्यांचं म्हणणं साधं होतं आणि मला तरी ते पटतं. निसर्गदृश्य, म्हणजे आपण ज्याला 'तिकडचा परिसर' म्हणतो ते, बाहेर एका जागी मांडून ठेवलेलं नसतं, ते आपण डोक्यात तयार करतो, आणि चालणाऱ्या माणसाचं डोकं ते ओळीने तयार करतं. जुन्या काळचा माणूस वेशीतून बाहेर पडायचा, मग बागा, मग शेतं, ओढा, झाडी, चढण, माथा, आणि परत येऊन सांगायचा की तिकडचा मुलूख असा असा आहे. आता तो सांगतो तसा मुलूख वाटेवरच्या कुठल्याही एका जागी उभं राहून दिसत नाही! ते सगळे तुकडे त्याने चालताना एका दोऱ्यात ओवलेले असतात आणि सांगताना तो माळ सांगत असतो. मग गाडी आली. गाडीने आपण थेट 'बघण्याच्या जागी' उतरतो, पॅराशूटने उतरावं तसं, मणी हातात येतो पण दोरा येत नाही. मग ती जागा फोटोसारखी दिसली नाही की आपण नाराज होतो, खरं तर तिथपर्यंत पोचवणारा अर्धा तास आपण गाळलेला असतो.

म्हणून पहिला नियम, चालायला जायचं म्हणून गाडी काढून कुठल्या तरी छान बागेत जायचं नाही. घराच्या दारातून चालायला लागायचं. आणि गोल फेरी मारण्यापेक्षा इथून तिथे असं जायचं, परत येताना हवं तर बसने या. मधे जे लागेल ते लागू दे, गोदामं, रिकामे प्लॉट, फ्लायओव्हरखालची जागा, कुणाचंच लक्ष नसलेला नाल्याकाठचा तुकडा, हे कंटाळवाणे वाटणारे भागच दोऱ्याचे असतात.

रूट ठरवताना मी एकच गोष्ट बघते, की तो शिवणीवरून जातोय का. शिवण म्हणजे जिथे एक प्रकारचा भाग संपून दुसरा लागतो ती जागा. रेल्वेलाईन, नदी, मोठा हायवे, जुनी वस्ती आणि नवीन टॉवर यांच्यामधला रस्ता, शेवटची बिल्डिंग आणि पहिलं शेत. एका रूटमध्ये अशा दोनतीन शिवणी ओलांडता आल्या तर तो चांगला रूट. सगळा रस्ता एकसारख्या कॉलनीतून गेला तर अर्ध्या तासात डोळे आपोआप मिटल्यासारखे होतात.

अंतर किती? सुरुवातीला ४-५ किलोमीटर पुरे. सरळ चाललं तर माणूस तासाला साधारण ५ किलोमीटर जातो पण बघत, थांबत गेलं तर २.५ ते ३ च होतात, त्यामुळे दोन तास हाताशी ठेवा. डोंगराळ भाग असेल तर स्कॉटलंडच्या नेस्मिथ नावाच्या गिर्यारोहकाने १८९२ साली सांगितलेला हिशोब अजून चालतो, दर ५ किलोमीटरला एक तास आणि वर प्रत्येक ६०० मीटर चढाईला आणखी एक तास, त्यात थांबण्याचा वेळ धरलेला नाही, तो आपला आपण घालायचा.

एक प्रश्न बरोबर घ्या, उत्तर नको

रिकाम्या डोक्याने निघालात तर डोकं रिकामं राहत नाही, त्यात ऑफिस शिरतं. म्हणून एक प्रश्न घेऊन निघायचं, साधा आणि पायांनी उत्तर शोधता येईल असा. शहर नक्की कुठे संपतं? इथे पडलेलं पावसाचं पाणी कुठे जातं? या रस्त्यावर पैसे खर्च न करता बसायची सोय कुणाकुणासाठी आहे? आवाज कुठे बदलतो? 'या भागाचा विकास कसा व्हावा' असा प्रश्न नको, त्याला पाय लागू होत नाहीत.

चालताना निष्कर्ष काढायची घाई मात्र करू नका आणि याला कारण आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१४ साली प्रसिद्ध झालेले प्रयोग आहेत, त्यात बसलेल्या लोकांपेक्षा चालणाऱ्यांना एखाद्या गोष्टीबद्दल नवनवीन कल्पना जास्त सुचल्या, आणि गंमत म्हणजे कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालणाऱ्यांनाही सुचल्या. पण जिथे एकच बरोबर उत्तर शोधायचं होतं तिथे चालण्याचा तसा फायदा झाला नाही, उलट थोडं कमीच जमलं. माझा अनुभवही तंतोतंत हाच आहे. चालताना शक्यता सुचतात, एकाला दुसरं जोडलं जातं, पण निवड करायची तर ती घरी बसून. त्यामुळे वाटेत 'असं का असेल?' एवढंच म्हणायचं आणि पुढे जायचं.

हेडफोन घरी. हे मी आग्रहाने सांगतेय कारण जागेची बरीच माहिती कानातून येते. फोन बॅगेत, खिशात नाही, कारण खिशातला फोन हातात कधी येतो कळत नाही. हरवलात तर हरवा थोडा वेळ, विचारा कुणाला तरी, लोक रस्ता कसा सांगतात ते ऐकण्यासारखं असतं, कोण मोठ्या झाडावरून सांगतं, कोण बंद पडलेल्या कारखान्यावरून, आणि त्यातूनच कळतं की तिथल्या माणसांच्या डोक्यात शहराच्या खुणा कुठल्या आहेत.

पायांनी बघायच्या गोष्टी

सगळ्यात आधी उतार. गाडीत बसून शहर सपाट वाटतं, इंजिन सगळं गिळून टाकतं. पायांना मात्र अर्ध्या मीटरचा फरकही कळतो, पोटऱ्या सांगतात. चालताना सतत स्वतःला विचारत राहा की आत्ता मी पाण्याच्या दिशेने चाललेय की पाण्यापासून लांब. थोड्या दिवसांत सवय होते आणि मग शहराखाली लपलेली जमीन जाणवायला लागते, कुठे खळगा, कुठे जुना ओढा, कुठे भराव. लंडनमध्ये फ्लीट नावाची नदी अशीच रस्त्याखाली गाडली गेलीय, पाणी दिसत नाही पण तिची दरी अजून तिथेच आहे, आणि ती ओलांडायला १८६९ साली हॉबर्न व्हायाडक्ट हा पूल उघडला. पुलावर उभं राहून खाली बघितलं तर नदी नाही, रस्ता! नदी गेली तरी उतार जात नाही, हे एकदा लक्षात आलं की आपल्या पायाखालच्या शहरातही असे उतार सापडायला लागतात.

मग वाकडे रस्ते. सरळ आखलेल्या भागात मधेच एखादा रस्ता उगाच वळतो तेव्हा थांबा. उगाच काही वळत नाही. तिथे कधीतरी ओहोळ असेल, शेताचा बांध असेल, तटबंदी असेल. व्हिएन्नाच्या जुन्या शहराभोवती रिंगश्ट्रासे नावाचा जो रुंद गोलाकार रस्ता आहे तो जुन्या तटाच्या जागी आहे, १८५७ साली सम्राटाने तट पाडायचा हुकूम काढला आणि तटाचा आकार रस्त्याच्या आकारात शिल्लक राहिला. एवढं भव्य सगळीकडे नसतं पण नियम तोच, मालकीची हद्द आणि पाण्याची वाट यांना शहरं सहजासहजी पुसू शकत नाहीत.

तिसरी गोष्ट म्हणजे पायवाटा, आखून दिलेल्या नाहीत, माणसांनी स्वतः पाडलेल्या. हिरवळीवरून तिरकी गेलेली मातीची रेघ, कुंपणातला वाकवलेला गज, डिव्हायडरमधली फट. मला या फार आवडतात. आखणाऱ्याने काटकोन दिला आणि लोकांनी पायांनी उत्तर दिलं की आम्हाला इथून जायचंय. अशी पायवाट दिसली की वाट वाकडी करून तिच्यावरून शेवटपर्यंत जा आणि ती कशाला कशाशी जोडते ते बघा, पाचशे मीटरचा वळसा वाचतोय की वीसच पावलं, कारण वीस पावलांसाठीही लोक पायवाट पाडतात आणि त्यात आळस शोधू नये, रोज दोनदा त्या वाटेने जाणाऱ्याला वीस पावलं खूप असतात. पायवाट पडायला किती पावलं लागतात असा प्रश्न पडत असेल तर रिचर्ड लाँग या इंग्रज कलाकाराने १९६७ साली एका गवताळ मैदानात एकाच रेषेत येरझाऱ्या घालून घालून गवत दाबलं आणि रेघ दिसायला लागल्यावर फोटो काढला, एका माणसाच्या पायांनी एवढं होतं.

चौथं, भिंती आणि दारं. यासाठी आधी आपलं पाऊल मोजून घ्या, माहीत असलेलं १०० मीटर अंतर नेहमीच्या चालीने चाला आणि पावलं मोजा, बहुतेकांची १३० ते १५० च्या मधे कुठेतरी येतात. तो तुमचा फूटरूल. आता कुठल्याही रस्त्यावर १०० मीटर चालताना किती दारं लागली ते मोजा. डेन्मार्कचे आर्किटेक्ट यान गेल यांनी आयुष्यभर हेच सांगितलं की ताशी ५ किलोमीटरने चालणाऱ्या डोळ्याला आणि ताशी ६० किलोमीटरने पळणाऱ्या डोळ्याला लागणारं शहर वेगळं असतं. चालणाऱ्याला दर काही सेकंदांनी काहीतरी नवीन हवं, दार, खिडकी, झाड, पायरी, माणूस. शंभर मीटरची कोरी कंपाउंड वॉल पार करायला सव्वा मिनिट लागतं फक्त, पण ते सव्वा मिनिट किती लांब वाटतं ते चालून बघा, त्यात ऊन असेल तर आणखीच. आणि माणसांची अंतरंही अशीच पावलांनी तपासा, कुणीतरी माणूस आहे एवढं साधारण १०० मीटरवरून कळतं पण चेहऱ्यावरचे भाव वाचायला २०-२५ मीटरच्या आत यावं लागतं. ज्या चौकात उभं राहिल्यावर समोरच्या कडेची माणसं नुसते ठिपके दिसतात तो चौक एकटं का वाटायला लावतो ते मग समजतं.

पाचवं, बोलणं. चालता चालता बरोबरच्याशी नेहमीच्या आवाजात बोला, कुठे ओरडावं लागतं ते टिपा. नगररचनेचे अभ्यासक डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोमधल्या एकसारख्या दिसणाऱ्या तीन निवासी रस्त्यांचा अभ्यास केला होता, तो १९७२ साली प्रसिद्ध झाला. एकावरून दिवसाला साधारण २ हजार गाड्या जायच्या, दुसऱ्यावरून ८ हजार, तिसऱ्यावरून १६ हजार. कमी गाड्यांच्या रस्त्यावरच्या माणसांना आपल्याच रस्त्यावर जेवढे मित्र होते त्याच्या साधारण एकतृतीयांशच गजबजलेल्या रस्त्यावरच्यांना होते. त्यांनी लोकांना 'तुमचं घर कुठपर्यंत वाटतं' तेही नकाशावर काढायला सांगितलं, तर पहिल्या रस्त्यावरच्यांनी जवळपास अख्खा रस्ता आपला म्हणून काढला आणि तिसऱ्यावरचे आपल्या दारापर्यंत आक्रसले. हे वाचल्यापासून मी कुठल्याही रस्त्यावर माणसं दाराबाहेर किती अंतरापर्यंत आपलं सामान, खुर्ची, कुंडी ठेवतात ते बघते, ती घराची खरी हद्द असते.

थांबणं हाही चालण्याचाच भाग

दोन तासांत एकदा तरी एका जागी १५ मिनिटं उभं राहायचं, शक्यतो कोपऱ्यावर. पहिली पाच मिनिटं काहीच दिसत नाही, अवघडल्यासारखं होतं, नंतर मात्र पॅटर्न दिसायला लागतात. शहरांचे अमेरिकन अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी ७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या चौकांवर कॅमेरे लावून माणसं कुठे बसतात, कुठे थांबतात ते तासन्‌तास बघितलं, आणि त्यांना आढळलं की रस्त्यात भेटलेली माणसं गप्पा मारायला बाजूला होत नाहीत, वर्दळीच्या मधोमधच थांबून बोलतात. तुमच्याकडच्या कोपऱ्यावर बघा होतं का असं. आणि माणसं बसतात कुठे, तर जिथे बसायला मिळतं तिथे, म्हणजे बाक लागतोच असं नाही, कठडा, पायरी, झाडाचा पार काहीही चालतं, पण काठाची उंची बसण्याजोगी हवी. काही ठिकाणी कठड्यावर खिळे किंवा तिरकी फरशी लावलेली दिसेल, ती मुद्दाम लावलेली असते, वहीत टिपून ठेवा. मला अशा जागांचा राग येतो आणि तो मी लपवत नाही, रस्त्यावर दमलेल्या माणसाला टेकायला न देणं हे कुठल्याही सौंदर्यदृष्टीत बसत नाही.

सवय मोडायच्या युक्त्या

त्याच त्या रस्त्याने गेलं की पाय आपोआप जातात. पॅरिसमध्ये ५० च्या दशकात लेखक गी दबोर आणि त्यांच्या मित्रांनी यावर भटकंतीची एक पद्धत काढली होती, काम, ओळखी, नेहमीची कारणं सगळं बाजूला ठेवून शहर ओढेल तिकडे जायचं, दोनतीन जणांच्या लहान गटाने, आणि सरासरी एक दिवसभर. आपल्याला दिवसभर जमेलच असं नाही पण एक तास जमतो. साधा नियम करा, प्रत्येक तिठ्यावर सावलीची बाजू, किंवा प्रत्येक वेळी उतरती बाजू, किंवा जिथून आवाज कमी येतो ती. नियम पाळताना आपोआप लक्षात येतं की कुठला रस्ता आत ओढतो आणि कुठल्या तोंडाशी पाय नकळत थबकतात, मग विचारायचं, का थबकले?

दुसरी युक्ती कासेलची आहे. १९८७ साली बुर्कहार्टांनी लोकांना शहराजवळच्या एका जुन्या लष्करी सरावाच्या मैदानावर चालायला नेलं आणि वाटेत प्रशांत महासागरातल्या ताहिती बेटाची अठराव्या शतकातली प्रवासवर्णनं वाचून दाखवली, म्हणजे पाय माळावर आणि कानात ताहिती. माळ बदलला नाही पण बघणाऱ्यांची नजर बदलली. तुम्ही असं करा की स्वतःच्या अगदी नेहमीच्या, कंटाळलेल्या भागातून एकदा परक्यासारखं चाला, कुणा पाहुण्याला दाखवतोय असं समजून प्रत्येक गोष्टीचं मनातल्या मनात वर्णन करत. वर्णन करायला गेलं की अडखळतो आपण, आणि जिथे अडखळतो तिथे इतकी वर्षं बघितलेलंच नसतं.

गाडीने किती जागा व्यापलीय ते बघायचं असेल तर व्हिएन्नाचे वाहतूक अभियंते हर्मान क्नोफलाखर यांनी १९७५ साली एक लाकडी चौकट बनवली होती, मोटारीएवढी, खांद्यावर अडकवून चालायची. माणूस एक, जागा मोटारीची. चौकट नको, चार जणांनी हात पसरून मोटारीएवढा आयत धरा आणि पन्नास पावलं चाला, पुरेसं कळतं.

कुणाबरोबर चालायचं

एकट्याने एकदा आणि दुसऱ्याबरोबर एकदा, दोन्ही हवं. तीनपेक्षा जास्त माणसं झाली की गप्पा सुरू होतात आणि रस्ता मागे पडतो.

पण कुणाबरोबर, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आईबरोबर मी माझा नेहमीचा एक रूट चालले, तिचे गुडघे दुखतात, आणि जो रस्ता मला चाळीस मिनिटांचा माहीत होता तो वेगळाच निघाला, त्यात एकही बसायची जागा नाही हे मला कधी दिसलंच नव्हतं, फुटपाथ किती वेळा चढावा-उतरावा लागतो तेही नाही (आम्ही मोजलं, एका किलोमीटरच्या आत ते बावीस वेळा होतं). लहान मुलाबरोबर चाला, ते कुंपणाखालून आणि गाड्यांच्या बंपरच्या उंचीवरून शहर बघतं. व्हीलचेअरवर असणाऱ्या कुणाबरोबर चाला, मग उतार म्हणजे काय ते माझ्या वरच्या परिच्छेदापेक्षा कितीतरी नीट कळेल. आणि रमतगमत, निरुद्देश, वाटेल तिथे थांबत चालायचं हे सगळ्यांना सारखं मिळत नाही हेही बरोबर ठेवा. बाई म्हणून कोपऱ्यावर पंधरा मिनिटं उभं राहणं आणि पुरुष म्हणून उभं राहणं यात फरक आहे, रात्री तर आहेच आहे, मी स्वतः अजूनही हातात वही ठेवते कारण वही दिसली की लोक कामासाठी उभी आहे असं समजतात. हाही त्या जागेबद्दलचाच शोध आहे, कुठे वही लागत नाही ते लिहून ठेवते मी.

तिथे राहणाऱ्या माणसाला 'मला तुमच्या भागातून फिरवून आणाल का' असं विचारलं तर बहुतेक लोक आनंदाने येतात. टोरंटोत २००७ पासून शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्स यांच्या आठवणीत असे रहिवाशांनी स्वतः घडवलेले फेरफटके सुरू झाले आणि ते पुढे बऱ्याच देशांत पसरले. नगररचनेतल्या लोकांनाही हे नवीन नाही, स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडीस १९१४ साली भारतात आले आणि पुढच्या काही वर्षांत त्यांनी इथल्या कितीतरी शहरांचे अहवाल लिहिले, पण आधी गल्लीबोळांतून स्वतः चालून पाहणी आणि मग आराखडा असा त्यांचा क्रम होता. सरळ रुंद रस्ता काढायला सगळी वस्ती पाडण्यापेक्षा कुठे एखादं पडकं घर हटवलं, कुठे छोटी मोकळी जागा काढली की भागतं, असं ते म्हणू शकले कारण कुठलं घर पडकं आहे ते त्यांनी जाऊन पाहिलं होतं.

टिपणं आणि नकाशा

वाटेत कमी लिहा. फक्त शिवणीवर थांबायचं, वेळ टाकायची आणि तीनचार शब्द, 'भिंत संपली, वारा', 'डिझेलचा वास, उतार डावीकडे', असं. फोटो फार तर दहा, ठरवूनच निघा, नाहीतर बघायचं काम कॅमेऱ्यावर सोपवलं जातं.

घरी आल्यावर तासाभराच्या आत, फोटो उघडायच्या आधी, मॅप बघायच्या आधी, रूट आठवून कागदावर काढा. अमेरिकन नगररचनाकार केव्हिन लिंच यांनी १९६० साली बोस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिसचा जो अभ्यास मांडला त्यात लोकांकडून असेच नकाशे काढून घेतले होते, आणि त्यांना दिसलं की माणसं शहर पाच प्रकारच्या गोष्टींनी लक्षात ठेवतात, वाटा, कडा, भाग, चौक म्हणजे वाटा किंवा वर्दळ एकत्र येण्याच्या जागा, आणि दुरून ओळखू येणाऱ्या खुणा. तुमच्या नकाशात या पाचांपैकी काय ठळक आलं आणि काय आलंच नाही ते बघा. मग खरा मॅप शेजारी ठेवा. चुका खोडू नका! उलट चुकांवर गोल करा. जो तुकडा तुम्ही लांब काढलाय आणि खरं तर छोटा आहे तिथे तुम्हाला कंटाळा आला होता, भीती वाटली होती किंवा ऊन लागलं होतं, आणि जो लांब असून छोटा आलाय तिथे काहीतरी चांगलं होतं. जे वळण विसरलात तिथे बहुतेक रस्ता ओलांडण्यात सगळं लक्ष गेलेलं असतं. मोजपट्टीने कळलं नसतं असं काहीतरी त्या चुकांमध्ये असतं, मी तर माझे जुने चुकलेले नकाशे जपून ठेवलेत.

बाकी थोडकं. वापरून रुळलेले, पायाला बसलेले बूट, पाणी, टोपी. कुठे जातोय ते घरी कुणाला तरी सांगून निघा. खाजगी जागेत विचारल्याशिवाय शिरू नका, माणसांचे फोटो न विचारता काढू नका, आणि कुणी 'इथे काय करताय' विचारलं तर खरं सांगा, चालतोय, बघतोय, बहुतेक वेळा तिथूनच चांगलं बोलणं सुरू होतं.

आणि एकदा झालेला रूट संपला असं समजू नका. दुसऱ्यांदा दुसऱ्या वेळेला जा, पहाटे किंवा पाऊस पडून गेल्यावर लगेच, पाणी कुठे साचलंय त्यावरून उताराबद्दलचे सगळे अंदाज तपासता येतात. तिसऱ्यांदा उलट्या दिशेने. उलटं चाललं की चढ उतार होतो, ऊन पाठीवरचं तोंडावर येतं, मागे राहिलेल्या भिंतींची तोंडं दिसतात, आणि पहिल्या दिवशी ज्या शिवणीवर 'इथे शहर संपलं' असं लिहिलं होतं तिथेच आता शहर सुरू होताना दिसतं, बहुतेक वेळा थोडं अलीकडे किंवा थोडं पलीकडे. दोन्ही दिवसांच्या खुणा एकाच कागदावर वेगळ्या रंगांनी करा आणि त्या दोन खुणांच्या मधे जो पट्टा उरतो तिथे चौथ्यांदा जा.